चाळीस मिनिटं हलू नका

माझ्या घराची निळी वायर एका परक्या माणसाच्या हातात होती.

जिन्यात शिडी, शिडीवर तो, त्याच्या दातांत एक स्क्रू. मी कारखान्यातून परत येत होते, ओली छत्री टपटपत होती, आणि ती वायर मी खालच्या पायरीवरूनच ओळखली. माझ्या घरात शिरणारी ती एकच निळी होती, बाकी सगळ्या काळ्या.

"ओ, खाली उतरा आधी!"

त्यानं दातांतला स्क्रू काढला. "उतरतो की. पण शिडी डुगडुगतेय… जरा धरता का?"

"आधी सांगा, ती वायर कुणाची आहे?"

"तिसऱ्या मजल्यावरच्या मॅडमची. रोज तक्रार करतात नेट हळू चालतं म्हणून."

"रोज नाही. एक दिवसाआड."

तो वरून माझ्याकडे बघतच राहिला. मग हसला. पावसानं त्याच्या बाह्या कोपरापर्यंत भिजल्या होत्या. "अच्छा… म्हणजे पावणेसातवाल्या मॅडम तुम्हीच!"

"काय म्हणालात?"

"काही नाही. ऑफिसात तुमचा फोन नेहमी पावणेसातला येतो ना, म्हणून आपलं…"

म्हणजे यांचं मला नावसुद्धा ठेवून झालं होतं! मी शिडी धरली खरी. दया आली म्हणून नव्हे, तो पडला असता तर वायरही तुटली असती.

आता माझ्याबद्दल सांगते, म्हणजे मी अशी का वागले ते कळेल. मी चष्म्याच्या काचा तपासते. दिवसाला सहाशे काचा दिव्यापुढे धरायच्या आणि प्रत्येकीत चरा असणारच असं समजून बघायचं. संशय घेण्याचाच मला पगार मिळतो. त्यातून तीन वर्षांपूर्वी माझं ठरलेलं लग्न मोडलं. तो रोज फोनवर "ऑफिसात अडकलोय गं" म्हणायचा, आणि अडकलेला असायचा भलतीकडेच. तेव्हापासून माझा संशय सुट्टीच्या दिवशीही कामाला असतो. आत्या मला शंकेखोर म्हणते. घरात आम्ही दोघीच, मी आणि आत्या.

आणि तिसरं माझं बेट. कुणाला सांगितलेलं नाही, तुम्हाला म्हणून सांगते. लग्न मोडलं त्या महिन्यात मी कॉम्प्युटरवर एक गेम खेळायला घेतला. एकटीनं खेळायचा. एक बेट, एक होडी, एक मी. मी तिथे भोपळे लावले, बंधारा बांधला, दीपगृहाला रंग दिला. कुणाला मारायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही, आणि मुख्य म्हणजे तिथे कुणी खोटं बोलत नाही. मला ते बेट फार आवडायचं. कुणी हसलं तर हसू दे.

पण गंमत ऐका. एकटीनं खेळायच्या या गेमला नेट लागतं! का? देव जाणे. दुसरं माणूसबिणूस नाही, आणि तरी भोपळा तोडला की पडद्यावर ते गोल चक्र फिरायला लागतं. 'जतन होत आहे…' फिरतंय, फिरतंय… चहा निवला तरी फिरतंय. मग एकदम 'संपर्क तुटला', आणि भोपळा परत वेलीवर! एकदा तर मी वैतागून उशी फेकून मारली. उशी लागली भिंतीवरच्या घड्याळाला.

एवढं असूनही मी सोसलं असतं. पण महिन्याच्या सुरुवातीला कंपनीचं पत्र आलं. तीस तारखेला संध्याकाळी आठ वाजता गेम कायमचा बंद. त्याआधी जे होडीनं शेवटचं बेट गाठतील त्यांना आपलं सगळं बेट आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून घेता येईल, मग नेटची गरज नाही. बाकीच्यांचं सगळं पुसलं जाणार. आणि शेवटचा प्रवास चाळीस मिनिटांचा, मध्ये जतन करायची सोय नाही. नेट तुटलं की होडी थेट बंदरावर.

मी कामावरून येऊन साडेसहाला बसायचे आणि पावणेसातला नेट मरायचं. अगदी नेमानं.

तो दुसऱ्यांदा आला तेव्हा नेट कसं धावत होतं! त्यानं राऊटर बघितला, वायर बघितली, स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून आत्याशी काहीतरी बोलला, चहा प्यायला.

"आता काही अडचण दिसत नाही, मॅडम."

"तुम्ही आलात की दिसत नाही. तुम्ही गेलात की दिसते."

"मग जाऊ नको का?" तो म्हणाला, आणि स्वतःच गडबडून बॅग आवरायला लागला.

मी एक वही केली. तारीख, वेळ, तो होता की नव्हता. तो होता तेव्हा नेट चालू. तो नव्हता तेव्हा बंद. वहीत दुसरा कुठलाच फरक दिसेना. याला काय म्हणायचं सांगा! हा माणूस जाताना काहीतरी करून जातोय याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही.

तिसऱ्या खेपेला मी त्याला सोडलंच नाही. "साडेसात वाजेपर्यंत बसा. मला बघायचंय."

तो बसला. मी त्याच्या बोटांवर नजर ठेवून समोर बसले. बोटं लांब होती, अंगठ्यावर वायर सोलताना कापल्याची जुनी खूण होती. आत्या त्या दिवशी ओट्याकडे गेलीच नाही, पाहुण्याशी गप्पा मारत बसली.

"एवढं काय असतं हो तुमचं पावणेसातला?" त्यानं विचारलं.

"ऑफिसचं काम."

"चष्म्याच्या काचा नेटवरून तपासता?"

मला एकदम गरम व्हायला लागलं. "तुम्हाला कुणी सांगितलं मी काचा तपासते?"

"आत्यांनी." तो खाली बघत चहाच्या कपाशी खेळत होता. "अजूनही बरंच सांगितलंय…"

"काय बरंच?"

"तुम्ही हसताना हात तोंडावर ठेवता म्हणून. ते मात्र अजून बघायला मिळालं नाही."

साडेसात झाले, नेट ठणठणीत. तो निघाला. दारात चप्पल घालताना त्यानं मागे वळून बघितलं, आणि मला वाटलं काहीतरी सांगणार. पण नाही सांगितलं. मी ते वहीत लिहिलं. 'जाताना बोलता बोलता थांबला. का?' खरं सांगायचं तर नंतर मी ती ओळ चारदा वाचली, आणि चारही वेळा संशयानं वाचली असं काही नाही.

मग उजाडली तीस तारीख. दुपारी कारखान्यातली वीज गेली आणि आम्हाला लवकर सोडलं. सहालाच घरी पोचले. किल्लीनं दार उघडलं. आत्यानं आज स्वयंपाक लवकर घेतला होता. आत फोडणीचा वास, आत्या ओट्यापाशी पाठमोरी. आणि स्वयंपाकघराच्या फळीवर, जिथे राऊटर असतो, तिथे एक मोठा स्टीलचा डबा. पालथा.

मी डबा उचलला. खाली राऊटर.

"आत्या! हे काय?"

"अगं बाई, आलीस?" आत्या दचकली. "तूच नाही का म्हणालीस, त्या पेटीला तेल-धूर लागला तर माझ्याशी गाठ आहे? म्हणून स्वयंपाक करताना झाकून ठेवते. कुणी आलं की काढते. पालथा डबा बघून माणसं काय म्हणतील!"

मी मटकन खुर्चीवर बसले. मीच म्हणाले होते. अगदी याच शब्दांत, दिवाळं निघाल्यासारखा चेहरा करून. स्टीलच्या डब्याखाली कोंडलेलं नेट माझ्या खोलीपर्यंत पोचणार कसं?

"आणि तो पोरगा म्हणाला पेटीवर पातेलं झाकू नका," आत्या पुढे म्हणाली, "म्हणून तर मी पातेलं सोडून डबा घेतला."

"कोण पोरगा?"

"अगं, तोच. नेटवाला. दुसऱ्यांदा आला तेव्हाच त्यानं ओळखलं. मी म्हटलं, बाबा रे, तिला सांगू नकोस, चिडेल माझ्यावर. मागच्या वेळी मी डबा उचलताना पण बघितलं त्यानं. नुसता हसला."

नुसता हसला! आत्याचा राग नाही आला, शपथ. पण त्याला ठाऊक होतं. माझ्यासमोर बसून चहा पीत होता, माझ्या हसण्याची चौकशी करत होता, आणि त्याला ठाऊक होतं. पुन्हा एक खोटं बोलणारा. आणि या खेपेला मी वही ठेवूनसुद्धा फसले होते.

मी नेटवाल्यांच्या ऑफिसात फोन केला. "त्यांनाच पाठवा. आत्ताच्या आत्ता."

वीस मिनिटांत आला, पळत आल्यासारखा. मी दारातच डबा पुढे केला.

त्याचा चेहरा उतरला.

"दुसऱ्या खेपेला आत्यांनी विनवलं म्हणून गप्प बसलो," तो म्हणाला. "वाटलं, आता झाकणार नाहीत, प्रश्न मिटला."

"आणि तिसऱ्या?"

तो चपलेचा पट्टा सोडवायला लागला.

"तिसऱ्या खेपेला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर… चौथी खेप झाली नसती." त्यानं एका दमात म्हटलं. "तुमचा फोन आला की ऑफिसात सगळे कपाळाला हात लावतात. मी घड्याळाकडे बघत बसलेला असतो. चुकलंच माझं. पण ऑफिसचं काम म्हणालात, तुमच्या ऑफिसला तर सुट्टी असते संध्याकाळी… मला वाटलं, एखादी मालिका बघत असाल. एवढं अडत असेल असं नाही वाटलं हो."

आता बोलायची पाळी माझी होती. खोटं मीही बोलले होते. मी सांगितलं सगळं. बेट, भोपळे, होडी, आजचे आठ. एकोणतीस वर्षांच्या बाईनं असलं सांगताना जमिनीत गडप व्हावंसं वाटतं. मी त्याच्या ओठांकडे बघत होते, कुठे हसू फुटतंय का ते.

तो हसला नाही. त्यानं घड्याळ बघितलं. "सहा पन्नास. चाळीस मिनिटं म्हणालात ना? चला, बसा लवकर."

पण राऊटरवरचा एक दिवा लागेचना. त्यानं राऊटर हातात घेतला, उलटा केला. खालून पाणी ठिबकलं.

"मी पुसला गं आत्ताच," आत्या रडवेली झाली. "तू चिडलीस म्हणून… ओल्या फडक्यानं."

"वाय-फाय गेलं," तो म्हणाला. "नवा उद्या मिळेल."

"उद्या काय उपयोग त्याचा?" माझा आवाज फुटला. तीन वर्षं मी त्या बेटावर राहिले होते हो. वाईट दिवसांत मला दुसरी जागाच नव्हती.

त्यानं बॅगेतून एक लांब वायर काढली. एक टोक माझ्या कॉम्प्युटरला लावलं, दुसरं राऊटरला. हिरवा दिवा लागला… आणि विझला. वायरीच्या राऊटरकडच्या टोकाची खिटी तुटलेली होती, ती जागेवर बसेना. त्यानं टोक बोटांनी दाबून धरलं. दिवा लागला.

"मी धरतो," तो म्हणाला. "तुम्ही होडी काढा."

"चाळीस मिनिटं?"

"शिडी धरली होतीत ना तुम्ही माझी? बसा."

मी बसले. खोलीच्या दारातून मला फक्त त्याचं कोपर आणि ओली बाही दिसत होती. मी होडी सोडली. संशय काही लगेच जात नाही. दर दोन मिनिटांनी मी ओरडायचे, "धरलंय ना?"

"धरलंय!"

"हात दुखतोय?"

"नाही."

"खरं सांगा."

"…दुखतोय. पण धरलंय."

पंचविसाव्या मिनिटाला वादळ आलं. होडी डाव्या बाजूला कलली, मी "वादळ!" म्हणून ओरडत खुर्चीतून अर्धी उठले. तिकडे आत्या त्याला पाणी पाजत होती, कारण त्याचे हात मोकळे नव्हते. "त्यांना सांगा, शीड खाली घ्या!" तो ओरडला.

"तुम्हाला काय कळतंय त्यातलं?"

"काहीच नाही! पण गप्प कसं बसवेल?"

मी हसले. हात तोंडावर ठेवून. त्याला दिसलं नाही, आणि मला पहिल्यांदाच त्याचं वाईट वाटलं.

सात तेहेतीसला होडी वाळूला लागली. 'तुमचं बेट उतरवून घेत आहोत…' चक्र फिरायला लागलं. या वेळी मी उशीकडे बघितलंसुद्धा नाही. पावणेआठला ते थांबलं. भोपळे, बंधारा, दीपगृह, सगळं माझ्या कॉम्प्युटरवर. आता ते कुणी पुसू शकणार नव्हतं. मला रडू आलं, आवाज न करता.

"झालं का?" बाहेरून विचारणा झाली.

झालं म्हटलं की तो हात काढणार. बॅग उचलणार. नेट नीट चालणार आणि तक्रार करायला मला काही कारणच उरणार नाही.

"नाही," मी म्हणाले. "थोडं राहिलंय… हलू नका."

तीन वर्षांत मी कुणाशी बोललेलं हे दुसरं खोटं. दोन्ही त्याच्याशीच. मी डोळे पुसले आणि नुसती बसून राहिले, दारातल्या त्या कोपराकडे बघत. ते थरथरत होतं, पण हललं नाही.

आठला पाच कमी असताना माझ्यानं राहवेना. मी उठून बाहेर गेले.

"झालं. मघाशीच झालं होतं, पावणेआठलाच. मी खोटं बोलले."

"माहितीये," तो म्हणाला.

"कसं?"

त्यानं हनुवटीनं राऊटरकडे दाखवलं. "हा दिवा. काही येत-जात असलं की लुकलुकतो. दहा मिनिटं झाली, शांत आहे."

"मग हात का नाही काढलात?"

"तुम्ही हलू नका म्हणालात."

त्याची बोटं पांढरी पडली होती. मी ती एकेक करून वायरीवरून सोडवली. हिरवा दिवा विझला. बोटं मात्र मी सोडली नाहीत. आत्या गॅस पेटलेला नसतानाही ओट्याकडे वळून काहीतरी ढवळायला लागली.

"उद्या नवा राऊटर घेऊन या," मी म्हणाले.

"किती वाजता?"

"पावणेसातला. फोन नाही करणार मी… वाट बघेन."