सही जुळेपर्यंत

दुकानात कापड बेतायचं लांब टेबल होतं. वर्षातून एकदा त्यावरची सगळी कापडं बाजूला सरायची आणि शिंप्याची बायको तिथं कराचे कागद मांडायची. उसवायला घेतलेल्या कोटासारखी ती एकेक पावती सुटी करून बघायची. शेवटी म्हणायची, "या, सही करा."

"माझे हात खडूचे आहेत. कर तूच."

ती हसायची आणि डाव्या हातानं त्याचं नाव लिहून टाकायची. ती डावखुरी होती. तिची तुरपाईही उलटीकडे कलायची. गिऱ्हाइकाला कळायचं नाही, शिंप्याला लांबूनच कळायचं.

ती गेल्यावर कागद त्यानं स्वतः भरले. एक कंपनी त्याच्याकडून गणवेश शिवून घ्यायची आणि पैसे देताना कर कापून घ्यायची. त्यातला जास्तीचा कापलेला परत मिळायचा. यंदा त्यावरच सगळं अडलं होतं. तिच्या दवाखान्यापायी दुकानाचं भाडं थकलं होतं आणि मालकानं सरळ सांगितलं होतं, परतावा आला की भाडं द्या, नाहीतर किल्ली द्या.

परतावा येईना.

"सगळ्यांचे आले, तुमचाच कसा अडकला, भावोजी?" मेहुणी म्हणाली. "घातला असणार काहीतरी घोळ. ताई असती तर..." पुढचं गिळून ती बटणांचा डबा आवरू लागली. त्यात ताईचं पितळी अंगुस्तान निघालं, सुई टोचू नये म्हणून बोटावर घालायचं. "हे मी नेऊ? तुम्हाला काय उपयोग?"

त्यानं ते हातात घेतलं. करंगळीच्या नखापुढे सरकेना. आजारात मात्र बायकोला ते सैल व्हायला लागलं होतं. तुरपाई करताना उजव्या हाताच्या बोटावरून गळायचं आणि फरशीवर वाजायचं.

"राहू दे," तो म्हणाला.

कर कार्यालयातल्या कारकुनानं संगणकावर त्याचे जुने कागद काढले. "नाव जुळतं. पत्ता जुळतो. बँकेचं खातं जुळतं. सही जुळत नाही."

"ही माझीच सही आहे."

"आधीच्या सगळ्या वर्षांची वेगळी आहे."

"अहो, मी समोर उभा आहे की!"

"उभे आहात हो. पण मला कागदावरचा माणूस बघावा लागतो." कारकून वाईट नव्हता. आवाज उतरवून म्हणाला, "बहुतेकांचे असेच अडकतात. खात्याचा आकडा चुकतो, पत्ता बदललेला कळवत नाहीत, पावत्या जोडायच्या राहतात. गेल्या वर्षीची प्रत शेजारी ठेवून ताडून बघायचं, मगच पाठवायचं. आता असं करा, घरी हात बसवा. माझ्यासमोर जुन्यासारखी सही केलीत की लगेच सोडतो."

खरं सांगावं असं त्याच्या ओठांवर आलं होतं. पण मग मागची सगळी वर्षं उसवली गेली असती. तो निघून आला.

कापडाच्या चिंध्यांवर खडूनं तो स्वतःचं नाव गिरवत बसला. उजव्या हाताला ते वळण जमेना. एका दुपारी वैतागून त्यानं खडू डाव्या हातात घेतला. पहिल्या अक्षराला हात अडखळला. दुसऱ्याला नाही.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या पँटींच्या घड्या घालताना तो थांबला. तुरपाई उलटीकडे कललेली होती. बायकोच्या हातची एखादी राहिली असेल, असं त्याला वाटलं. पण हे कापडच ती गेल्यानंतर आलं होतं. त्यानं टाके उसवले आणि उन्हात बसून, नीट बघत पुन्हा घातले.

पुन्हा उलटीकडे कलले.

कार्यालयात पेन त्याच्या डाव्या हातानं उचललं.

"वा! अगदी तीच," कारकून म्हणाला. "डावखुरे आहात होय?"

"नाही."

कारकुनानं एकदा सहीकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे. मग शिक्का मारला.

पैसे जमा झाले. भाडं फिटलं. मालक तोंडभर हसून गेला.

शिंप्यानं कोटाचं कापड पसरलं आणि कात्री उचलली. उजवा हात कधी कात्री न धरल्यासारखा चाचपडला. पाती कापड चावत राहिली. त्यानं डाव्या हातानं कापून बघितलं. पण कात्री उजव्या हातासाठी घडवलेली; पाती फाकली आणि कापड मधे दुमडलं.

"ही कात्री माझ्या हाताची नाही," तो म्हणाला.

दारातून आत येणारी मेहुणी तिथंच थबकली. "हे ताई म्हणायची."

"माहीत आहे."

"दुकान तर राहिलं ना तुमचं?"

"राहिलं. आता कापायला एक शिंपी बघ कुठं मिळतो का."

ती हसली नाही. ती त्याच्या उजव्या हाताकडे बघत होती.

मधल्या बोटावर पितळी अंगुस्तान होतं. पार पेरापर्यंत गेलेलं. ते कधी घातलं, त्याला आठवेना.

"काढा ते, भावोजी."

काढायची गरज पडली नाही. त्यानं हात जरा खाली केला, तसं ते बोटावरून आपसूक गळलं आणि फरशीवर वाजलं.