बदली आली का?

आधीच सांगतो, मी भित्रा माणूस नाही. दातांचा डॉक्टर आहे. भलेभले पैलवान माझ्या खुर्चीत बसल्यावर डोळे घट्ट मिटून घेतात. भीती मी रोज बघतो, पण दुसऱ्याच्या चेहऱ्यावर. माझ्या चेहऱ्यावर ती कशी दिसते, हे मला त्या रविवारी कळलं. तेही बायकोनं सांगितलं म्हणून.

हसा, हसा. सुरुवातीला मीही हसलोच होतो.

माझा दवाखाना टेलरकाकांच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर. अरुंद लाकडी जिना, वर बाकं मांडलेली बाहेरची खोली, आत खुर्ची, आणि खिडकीशी माझं टेबल. दुपारी पेशंट येत नाहीत. दात कितीही ठणकत असला तरी जेवल्यावर माणूस आधी झोपून बघतो. तर एकदा टेबलावरचा कॉम्प्युटर बिघडला म्हणून तो दुरुस्त करून आणायला गेलो. दुरुस्तीवाला म्हणाला, "डॉक्टर, आत एक खेळ टाकून दिलाय. कारखाना चालवायचा. वेळ छान जातो."

वेळ छान गेला. इतका, की मधूनमधून पेशंट आला की मला राग येऊ लागला.

खेळात सुरुवातीला एक रिकामी शेड देतात आणि विचारतात, काय बनवणार? साबण, खिळे, खेळणी असं बरंच काही होतं. मी गोड गोळ्या निवडल्या. बायकोला कळल्यावर ती म्हणाली, "दाताचा डॉक्टर आणि गोळ्यांचा कारखाना! म्हणजे दोन्हीकडून कमाई."

पण ते काम दिसतं तितकं सोपं नव्हतं. गोदामातून साखर सरकत्या पट्ट्यावर येणार, पट्टा ती कढईत टाकणार, पाक थंड होऊन कापायच्या यंत्रात जाणार, गोळ्या कागदात गुंडाळायच्या, मग खोक्यात. माझ्या कढयांनी पहिल्याच दिवशी इतका पाक ओतला की कापायचं यंत्र गुदमरलं. पट्टा तुंबला, ढीग छताला टेकला. मी पट्ट्याला दोन फाटे फोडले, दुसरं यंत्र लावलं, तर आता कागद पुरेना. कागदाचा नवा पट्टा घातला, तो साखरेच्या पट्ट्याला आडवा गेला. मग साखर कागदात आणि कागद कढईत. एक गाठ सोडवावी तर पुढे दुसरी बसलेली. अगदी संसारासारखं.

शेवटी एका दुपारी सगळं जुळलं. खट्... सर्रर्र... खट्... सर्रर्र... एका लयीत गोळ्या धावू लागल्या. गुंडाळायचं यंत्र महाग होतं, म्हणून शेवटच्या पट्ट्यावर मी हातानं गुंडाळणारा एक माणूस ठेवला. तिथेच चुकलं.

त्या खेळातले सगळे कामगार सारखेच. गोल डोकं, पिवळी टोपी, तुमच्याकडे बघून हसणार. संध्याकाळी भोंगा झाला की बडबडत फाटकातून बाहेर. त्या दिवशीही गेले. दिवे मालवले. आणि शेवटच्या पट्ट्यापाशी एकजण तसाच उभा राहिला. टोपी नाही. माझ्याकडे पाठ. हात चालू.

मी चित्र फिरवून पलीकडून बघितलं. पाठ. वरून बघितलं, तरी पाठच. चारी बाजूंनी पाठ असलेला माणूस मी तोवर फक्त आमच्या सोसायटीच्या सभेत, काम वाटून देण्याच्या वेळी पाहिला होता.

मी म्हटलं, खेळातली चूक असेल. त्याला कामावरून काढून टाकलं. त्याच्या नावापुढे लाल फुली आली, पण तो तिथेच. सगळे पट्टे बंद केले. सगळे थांबले, त्याचा एकट्याचा चालूच. मग वैतागून तो पट्टाच उपटून टाकला. तर हा गृहस्थ रिकाम्या जमिनीवर उभा, आणि हात हवेत गोळ्या गुंडाळतायत... उजवा पुढे, डावा मागे... उजवा पुढे, डावा मागे...

मी कॉम्प्युटर बंद केला. पडदा काळा झाला.

आणि खोलीत, अगदी हळू आवाजात... खट्... सर्रर्र... खट्...

मी खिडकी लावली. पंखा बंद केला. हात धुवायचा नळ आवळला. आवाज होताच. आणि त्यामागून वास आला. दवाखान्यात लवंगेच्या तेलाचा वास असतो, त्याची मला सवय आहे. हा वास तो नव्हता. उकळून करपायला आलेल्या पाकाचा होता.

दुसऱ्या दिवसापासून तो वास पेशंटनाही येऊ लागला. बाहेरच्या बाकावर कुजबुज सुरू झाली. एका आजोबांनी तर तोंडावरच विचारलं, "डॉक्टर, धंदा वाढावा म्हणून आत गोड बनवून मुलांना वाटता की काय?" पट्ट्याच्या आवाजाला लोक आणखी घाबरले. त्यांना वाटलं, मी कसलंतरी नवीन यंत्र आणलंय. खुर्चीपर्यंत येऊन दोघं "जरा फोन करून येतो" म्हणून गेले, ते गेलेच.

पण खरी पंचाईत झाली ती मुख्याध्यापिकाबाईंच्या वेळी. बाई तोंड उघडून बसलेल्या, मी दाढ भरत होतो. दाढेशी ठेवायला कापसाची वळकटी उचलली, आणि... कसं सांगू... हात माझे राहिले नाहीत. त्यांनी ती वळकटी कागदी रुमालाच्या तुकड्यात ठेवली आणि दोन्ही टोकांना पीळ दिला. उजवा पुढे, डावा मागे. मग दुसरी. मग तिसरी. ट्रेमध्ये गोळ्यांची ओळ लागली. मला थांबायचं होतं, थांबता येत नव्हतं. कपाळावरून घामाचे थेंब गळत होते. बाई आ वासून बघत होत्या. अर्थात तो आ मीच वासायला लावला होता.

बऱ्याच वेळानं हात सुटले. बाईंनी चूळ भरली, ट्रेकडे बघितलं आणि अगदी हळूच विचारलं, "यातली... रोज एक घ्यायची का?"

त्या संध्याकाळी मी बायकोला सगळं सांगितलं. ज्या हातांवर पोट, तेच हात ऐकेनासे झाले तर करायचं काय?

आता माझ्या बायकोबद्दल सांगायला हवं. ती एका मोठ्या कंपनीत माणसं कामावर घेण्याचं आणि कमी करण्याचं काम बघते. तिच्या केबिनमध्ये माणसं रडतात, ओरडतात, एकानं तर कुंडी फेकली होती. हिनं कुंडी उचलून त्याला पुढचा कागद दिला. तिनं माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "काढून टाकलंस म्हणजे नक्की काय केलंस?"

"बटण दाबलं."

"त्याची बाजू ऐकून घेतलीस?"

"अगं, भूत आहे ते!"

"म्हणून काय झालं? कर्मचारी आहे ना?"

रविवारी दुपारी आम्ही दोघं दवाखान्यात गेलो. रस्ता सामसूम. खाली तेवढं टेलरकाकांचं मशीन चालू होतं, लग्नाचे कपडे द्यायचे होते त्यांना. आम्ही वर आलो, मी खेळ लावला. तो होताच. उपटलेला पट्टाही आपोआप जागेवर आला होता. बायकोनं खुर्ची पुढे ओढली, चष्मा लावला आणि त्याच्यावर बोट ठेवलं.

त्या खेळात कामगाराला निवडलं की त्याच्या डोक्यावर फुगा येतो आणि त्यात त्याचं म्हणणं. भूक लागली, पगार कमी आहे, असलं काहीबाही. बाकी सगळ्यांचं म्हणणं परक्या भाषेत यायचं. ह्याच्या फुग्यातली अक्षरं मात्र आपली होती.

"बदली आली का?"

मला घाम फुटला. बायको मात्र खूश झाली. "बघ! एवढंसं मागणं आहे माणसाचं. बदली हवीय त्याला. तुझ्या हाताखाली कंटाळला असेल."

मग तिच्या सांगण्यावरून मी नकाशाच्या दुसऱ्या टोकाला, समुद्राकाठी, नवीन कारखाना बांधला. शेड, कढया, पट्टे, सगळं पहिल्यापासून. तिनं शिस्तीत त्याची बदली केली. शेडपाशी बस आली, तो पाठमोराच चढला, बस गेली. आवाज थांबला. वास ओसरला. बायको हात झटकत म्हणाली, "माणसाशी नीट वागलं की सगळं नीट होतं."

तेवढ्यात जिना वाजला.

हळू... एकेक पायरी... ओल्या पावलांनी कुणी चढावं तसा. बाहेरच्या खोलीचं दार मी आतून लावलं होतं. ते उघडलं नाही. पण पावलं आत आली. आम्ही बघत होतो आणि फरशीवर ठसे उमटत होते. अनवाणी, ओले, बोटांच्या फटीत वाळू. दारापासून खुर्चीला वळसा घालून टेबलापर्यंत. आमच्या दोघांच्या मधून ते गेले तेव्हा खारट गार वारा लागला. मग पडद्यावर शेवटच्या पट्ट्यापाशी तो पुन्हा उभा होता. खालच्या जमिनीवर पाण्याचं थारोळं.

खट्... सर्रर्र...

बायकोनं माझा हात धरला. लग्नानंतर पहिल्यांदाच मला तिची नाडी लागली. "तुझा चेहरा..." ती पुटपुटली, "पांढराफटक पडलाय..."

"चल... निघू या..."

आणि तेव्हाच माझे हात टेबलावरच्या कागदाकडे निघाले. उजवा पुढे, डावा मागे. मी ओरडलो. तिनं माझी मनगटं दाबून धरली, तरी बोटं पीळ देतच होती. फुगा अजून तिथेच होता. ती तो पुन्हा पुन्हा वाचत होती, ओठ हलत होते. "बदली आली का... आली का... अरे! बदली कधी 'आली' म्हणतो आपण? माणसाची बदली होते! येते ती..." तिनं माझी मनगटं सोडली आणि कपाळावर हात मारला. "मूर्ख आहे मी. ही ती बदली नाही रे! बदली म्हणजे बदलीचा माणूस! चालत्या पट्ट्यावरून कुणी असंच उठून जात नाही. दुसरा येऊन काम हातात घेतो, मग पहिला सुटतो. तू दुसरी पाळी ठेवलीच नाहीस ना?"

"दोन पाळ्यांचा पगार कशाला द्यायचा, म्हणून..."

तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं, तिच्यापेक्षा ते भूत बरं होतं.

मला तर बटण दाबणं शक्यच नव्हतं, हात कामात होते. तिनंच दाबलं. दुसरी पाळी, सुरू. पडद्यावर फाटक उघडलं. बरीच माणसं आत आली, आपापल्या यंत्रापाशी गेली. त्यातलं एक त्या पाठमोऱ्याच्या शेजारी उभं राहिलं. क्षणभर चार हात एकाच पट्ट्यावर चालले. मग पाठमोऱ्यानं आपले हात अलगद काढून घेतले. माझी बोटंही तेव्हाच गळून पडल्यासारखी सुटली.

आणि तो वळला.

चेहरा म्हणजे काय, चार ठिपके. पण त्या ठिपक्यांनी माझ्या बायकोकडे बघितलं आणि मान झुकवली. माझ्याकडे ढुंकूनही नाही. बरोबरच आहे, न विचारता काढून टाकणाऱ्याला कोण मान देणार? मग तो फाटकातून बाहेर पडला. इकडे आमच्या बाहेरच्या दाराची कडी आपोआप निघाली, दार उघडलं, आणि कुणीतरी बेतानं ओढून घेतलं.

आम्ही किती वेळ बसून होतो, कोण जाणे. वास गेला होता. लवंगेचं तेल पुन्हा दरवळू लागलं तेव्हा मला रडूच यायचं राहिलं होतं. बायकोनं स्वतः तो खेळ कॉम्प्युटरमधून काढून टाकला, कारखान्यासकट, समुद्रासकट. फरशी पुसली. इमारतीच्या मागच्या बाजूलाही एक जिना आहे, त्यानं आम्ही गच्चीवर जाऊन मोकळ्या हवेत उभे राहिलो आणि त्याच जिन्यानं मागच्या गल्लीत उतरून घरी गेलो. वाटेत ती म्हणाली, "सुटला बिचारा." त्या रात्री मला गाढ झोप लागली.

सोमवारी सकाळी मोठ्या उत्साहात दवाखान्यात निघालो. खाली टेलरकाका बटणं लावत बसले होते. मला बघून म्हणाले, "काय डॉक्टर, काल सुट्टीच्या दिवशी एवढी गर्दी?"

"गर्दी? आम्ही दोघंच होतो."

"असं कसं? माझ्या डोळ्यांदेखत घोळका चढला ना जिना. जिना थरथरत होता. मग मागून एक अनवाणी गृहस्थ उतरले. मला विचारलं, दुसऱ्या पाळीची माणसं गेली का सगळी वर? मी म्हटलं, हो, आत्ताच गेली. फार बरं वाटलं त्यांना."

मी जिन्याकडे बघितलं. वर सगळं शांत होतं.

"मग... ती माणसं... उतरली कधी?"

"नाही उतरली अजून." काकांनी तोंडातला दोरा तोडला आणि काउंटरखाली हात घातला. "तेच म्हणणार होतो. डबे खालीच ठेवून गेलेत. वर जाताय तर एवढे घेऊन जाल का?"

काउंटरखाली ओळीनं डबे मांडले होते. मी वाकून एकाला हात लावला.

अजून गरम होता.