खारदुर्गाची मुकी तोफ

खाडीच्या मुखाशी काळ्या कातळावर उभा असलेला खारदुर्ग त्या पहाटे धुक्यात अर्धा बुडाला होता. ओहोटी लागून खाडीचे पाणी दूर गेले होते. तटाखालच्या चिखलात तिवरांची झाडी कमरेइतकी उघडी पडली होती, आणि त्या चिखलाचा कुजका वास दर्याबुरुजावर उभ्या असलेल्या बास्त्याव गोलंदाजाच्या नाकात शिरत होता. पण खरे सांगायचे तर त्या सकाळी बास्त्यावला चिखलापेक्षा स्वतःचीच घाण अधिक येत होती.

वीस वर्षे तो त्या बुरुजावर चाकरीला होता. वसईकडचा किरिस्ताव, अंगाने धिप्पाड, नेम असा की खाडीपलीकडच्या माडाचा नारळ सांगून पाडावा. बंडखोर सरदार रंभाजी दळवी याने दोन महिन्यांपूर्वी गडाला वेढा घातला, तेव्हा भरसदरेत किल्लेदारांपुढे याच बास्त्यावने मिशीवर ताव देऊन म्हटले होते, "धनीसाहेब, या मनगटात जोर आहे तोवर खारदुर्गाच्या केसालाही धक्का लागायचा नाही!" सदरेने वाहवा केली. गावच्या म्हाताऱ्या पाद्रीबाबांनी मात्र त्याला एकदा किरिस्तावांच्या देवळाच्या पायरीवर थांबवून सांगितले होते, "बाबा, देवाचं तुझ्या मनगटावाचून अडलेलं नाही. तुझं त्याच्यावाचून अडेल, तो दिवस लक्षात ठेव." बास्त्याव हसला होता. पाद्रीबाबांना तोफेतले काय कळते?

तो दिवस कालच उगवला होता.

खारदुर्गावर एक शिरस्ता होता. पहाटे गस्तीची माणसे तटाखालची झाडी धुंडाळून येत आणि निशाण हलवीत. ते पाहून बास्त्याव रिकामी तोफ डागी. आणि तोफेचा आवाज ऐकूनच दरवाजाचा जमादार पाणक्यांसाठी नि गवत कापणाऱ्यांसाठी दरवाजा उघडी. जमादार निशाण पाहत नसे, कोणाचा शब्द ऐकत नसे. तोफ झाली की दरवाजा उघडला, तोफ नाही तर, खुद्द किल्लेदाराचा हुकूम नसेल तोवर, कोणी आला तरी बंद. या कडक शिरस्त्याचा गडाला मोठा अभिमान होता, आणि नेमके तेच भोक गडाचे दफ्तर सांभाळणाऱ्या जिवाजीपंत सबनिसांनी हेरले.

काल दुपारी पंतांनी त्याला आपल्या घरी बोलावून घेतले. तोंडात विड्याचा तोबरा, ओठाच्या कोपऱ्यातून ओघळणारा लाल रस, आणि बोलणे मात्र तूप ओतल्यासारखे.

"बास्त्यावजी, उद्या गस्त पश्चिमेच्या अंगाला जाईल, तशी तजवीज आम्ही केली आहे. निशाणाची वाट पाहू नये. तांबडे फुटताच तोफ करावी, इतकेच."

"आणि झाडीत कोण असेल, पंत?"

"त्याची उठाठेव आपणांस कशाला?" म्हणत पंतांनी पुढ्यात एक जपमाळ टाकली. लाकडी मण्यांची, टोकाला झिजलेला कुरीस, म्हणजे क्रूस, असलेली. ती त्याच्या बायकोची, इनासची होती. आजारी आईला बघायला ती वेढ्याआधीच माहेरी गेली होती. "बाईसाहेब रंभाजीरावांच्या छावणीत सुखरूप आहेत. तोफ झाली तर सुखरूप राहतील."

त्या मनगटवाल्याने काय केले असेल? तलवार उपसली? पंतांचा गळा धरला? छे! पंतांचा विडा चघळून व्हायच्या आत त्याने "बरं" म्हटले. वर लवून मुजराही केला. मान तुटली तरी वाकणार नाही म्हणणारा माणूस मण्यांची एक माळ पाहून कण्यातून वाकला होता!

आता पूर्वेला तांबडे फुटू लागले होते. खाली तिवरांत एकही बगळा बसत नव्हता. म्हणजे झाडीत माणसे होती. किल्लेदार हैबतराव शेलार देवपूजेत होते, आणि पूजा चालू असता कोणालाही आत सोडू नये असा त्यांचा सक्त हुकूम होता. बुरुजाच्या पायरीवर खुद्द पंत शालीत कान गुंडाळून उभे होते.

"चला, उरका! तुमच्याने होत नसेल तर बत्ती इकडे द्या, आम्ही लावतो."

म्हणजे नुसते हात बांधून बसण्याचीही सोय नव्हती. तोफ वाजणारच होती. ती मुकी करायची एकच रीत होती: बत्ती लावायच्या कानात मेख ठोकायची. मेख आणि हातोडा तोफेच्या गाड्याशीच पडलेले होते. पण मेख मारली की इनास गेली, आणि सरकारची तोफ निकामी केल्याबद्दल त्याचे स्वतःचे डोकेही गेले.

त्याने मेख उचलली आणि ती हातातून गळून पडली. पुन्हा उचलली, पुन्हा पडली. वीस वर्षांत जे हात कधी कापले नाहीत ते वाळत घातलेल्या बोंबलासारखे लटपटत होते. तेव्हा त्या दांडग्या माणसाने तोफेवर कपाळ टेकले.

"देवबापा," तो पुटपुटला, "माझ्यात काही नाही. होतं म्हणून सांगत फिरलो, ते खोटं होतं. इनासला मी राखू शकत नाही, गडाला राखू शकत नाही, माझ्या जिभेलासुद्धा राखू शकलो नाही. तुला करायचं असेल तर तूच कर. हे हात असेच आहेत, थरथरणारे. चालत असतील तर घे."

हात थरथरायचे थांबले नाहीत. पण तिसऱ्यांदा मेख कानात बसली, आणि हातोड्याचे पाच घाव पडले. त्यातले दोन त्याच्या स्वतःच्या बोटांवर पडले.

"फितुरी! फितुरी!" पंत किंचाळले. "या किरिस्तावाने सरकारी तोफेला मेख मारली! धरा!"

शिपाई धावले. मुसक्या बांधलेल्या बास्त्यावला सदरेवर नेऊन आपटले, तेव्हा हैबतराव सोवळ्यानिशी बाहेर आले.

"सरकार, याचे शिर आत्ता उतरवावे," पंत म्हणाले, "आणि जमादारास दरवाजा उघडण्याचा हुकूम द्यावा. पाणके खोळंबले आहेत."

"बास्त्याव," किल्लेदारांनी विचारले, "हे आम्ही काय पाहतो आहोत?"

"धनीसाहेब, काल मी फितूर झालो. पंतांनी मला बायकोची माळ दाखवली, मी तोफ करायला कबूल झालो. शिर घ्यायचं तर घ्या, ते मिळवलंयच मी. पण भरती येईस्तोवर दरवाजा उघडू नका. झाडीत माणसं आहेत."

"धादांत खोटे!" पंत हसले. त्यांच्या मागे चार कारकूनही हसले. सबनीस हसले की हसायचे, हाच त्या भाडखाऊंचा धर्म होता.

हैबतरावांनी दोघांच्याही तोंडाकडे पाहिले. मग दरवाजा बंदच ठेवायला सांगून ते तटावर जाऊन उभे राहिले. भरती कोणाची चाकर नसते, ती वेळेवर आली. पाणी तिवरांच्या बुंध्याला लागले, मग फांद्यांना. आणि गळ्याइतक्या पाण्यात दम कोंडून बसलेले रंभाजीचे तीनशे लोक, दरवाजा उघडेना, पाणी थांबेना, असे होऊन चिखलातून धडपडत वर आले. तटावरून बंदुकांची सरबत्ती झाली. तासाभरात खाडी लाल झाली आणि गड राहिला.

दोन प्रहरी रंभाजीच्या माणसांनी इनासचे प्रेत वाळूत आणून टाकले.

दुसऱ्या दिवशी सदर भरली. कालचेच चार कारकून आज बास्त्यावच्या मनगटाची स्तुती गाऊ लागले; एकाने तर 'वज्रबाहू' असा शब्दही जुळवला. हैबतरावांनी सोन्याचे कडे पुढे केले. बास्त्यावने सुजलेली बोटे मागे घेतली.

"धनीसाहेब, या मनगटानं काही केलेलं नाही. ते तर मेखही धरीत नव्हतं. ज्यानं केलं त्याच्या हातात कडं बसायचं नाही."

सदरेला तो विनय वाटला आणि तिने पुन्हा वाहवा केली.

"मग हा तरी मान घे," हैबतराव म्हणाले. "पंतांचा आज कडेलोट आहे. धक्का तुझ्या हातचा. तुझी बायको गेली, तुझा हक्क आहे."

खाडीवरच्या टकमक कड्यावर सारा गड लोटला होता. जिवाजीपंत दोरखंडात आवळलेले बसले होते. भीतीने त्यांचे धोतर खराब झाले होते, दाढीवर विड्याची लाळ वाळली होती, आणि ते एकसारखे पाणी मागत होते. कोणी देत नव्हते. माशा घोंघावत होत्या. बास्त्यावला अशी शिसारी आली की एका लाथेने तो गोळा खाली ढकलावा आणि हात धुऊन मोकळे व्हावे. तेवढे बळ त्याच्यात होते. त्याचे स्वतःचे बळ तेवढेच होते.

त्याने ओठांतल्या ओठांत पुन्हा देवबापाला हाक मारली. मग माघारी जाऊन त्याने तांब्या भरून आणला, खाली बसला आणि तो पंतांच्या तोंडाला लावला. पंत घटाघटा प्याले, आणि प्यालेले सारे त्याच्या पायांवर ओकले. बास्त्यावने खांद्यावरचे उपरणे काढले. मान वळवून, श्वास रोखून, त्याने त्या माणसाचे तोंड पुसले. किळस येतच होती, आणि तो पुसत होता.