निंजिन जेवत नाही

धैर्य हा प्रेमाचा पाया आहे. भित्र्या माणसानं जगात दुसरं काहीही करावं, पण प्रेमाच्या वाटेला जाऊ नये. ते वाघाच्या काळजाच्या माणसांचं काम. आता या गोष्टीतल्या दोघांविषयी सांगायचं, तर तिला गांडुळाची भीती वाटायची आणि त्याला टेलिफोनची.

तिचं नाव मिसुझु तोगाशी. आमच्या साबाएत, म्हणजे जपानातल्या चष्म्यांच्या गावात, बहुतेक घरांतलं कोणी ना कोणी चष्म्याच्या कामात असतं, तशी तीही एका छोट्या कारखान्यात चष्म्याच्या काड्या घासून गुळगुळीत करायची. घरात ती आणि आई, दोघीच. पाकिटात सापाची कात नसली की पैसा टिकत नाही, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. आणि त्या नोव्हेंबरात आईच्या पाकिटातल्या जुन्या कातीचा पार भुगा झाला होता. येताना नवी घेऊन ये, असं आईनं कोथिंबीर सांगावी तसं सांगितलं.

कारखाना सुटला तेव्हा पाऊस आणि बर्फ यांचं आधी कोणी पडायचं यावरून भांडण चाललं होतं. मिसुझु छत्री सावरत स्टेशनामागच्या शोभेच्या माशांच्या दुकानात शिरली. तिथं मागच्या खोलीत साप असतात, असं ती ऐकून होती. चष्म्याच्या काचांवर वाफ धरली आणि समोरचं सगळं पांढरं झालं. त्या पांढऱ्यातून एक उंच, वाकलेली आकृती म्हणाली, "या. सावकाश... पायरी आहे."

तिला पायरी दिसली नाही. आकृतीनं कोपराला धरून सावरलं आणि लगेच हात मागे घेतला, जणू तापलेली किटली होती.

तिनं चष्मा पुसून कात आहे का म्हणून विचारलं.

"आहे," तो म्हणाला. "पण अजून आत साप आहे."

हा अझेगामी. नागानोच्या डोंगराकडचा, मामाचं दुकान चालवायला आलेला. त्यानं फार गंभीरपणे समजावलं की कात सुटी मिळत नाही, सापाच्या सवडीनं मिळते. मग नुसतं बघा म्हणत त्यानं एक बोटाएवढा जाड, गाजराच्या रंगाचा साप तिच्या हातावर ठेवला. गांडुळाला घाबरणारी मिसुझु ओरडणारच होती, पण अनोळखी दुकानात ओरडणं बरं दिसत नाही म्हणून थांबली. तेवढ्यात साप तिच्या मनगटाला वेढा घालून घड्याळाच्या पट्ट्याखाली शिरला आणि तिथंच राहिला.

"तुम्ही आवडलात त्याला," अझेगामी म्हणाला. आणि मग स्वतःच कानापर्यंत लाल झाला. "म्हणजे... तुमचा हात गरम आहे."

"दिवसभर काड्या घासते ना... म्हणून."

"हो. म्हणूनच असेल."

बराच वेळ दोघं मनगटाकडे बघत राहिले. इतक्या विश्वासानं कोणी हात धरल्यावर तो सोडवून घेणं तिला कसंतरीच वाटलं. अशा रीतीनं मिसुझुनं साप घेतला.

आईनं डब्यात डोकावून बघितलं. "मी बटण आणायला सांगितलं, तू कोट घेऊन आलीस," ती म्हणाली. "आणि कोटाला दात आहेत."

त्याचं नाव ठेवलं निंजिन, म्हणजे गाजर.

अझेगामीनं नवशिक्यांसाठीचे नियम सांगितले होते. पेटीच्या एका टोकाला ऊब, दुसऱ्याला गारवा. लपायला जागा. पेटीवर कापड. आणि पहिला घास खाईपर्यंत हात लावायचा नाही, थंडीत बाहेर काढायचं नाही, सारखं डोकावायचंही नाही. "त्याला वाटलं पाहिजे की आपण इथंच राहायला आलोय," तो म्हणाला होता. दुकानातले लांब चिमटे संपले होते म्हणून त्यानं स्वतःचा, वापरून काळपट झालेला बांबूचा चिमटा दिला. त्यात गोठवलेला लहानसा उंदीर कोमट पाण्यानं ऊन करून धरायचा आणि सापासमोर हळूच हलवायचा.

मिसुझुनं धरला. हलवला. निंजिननं एकदा उंदराकडे बघितलं, एकदा मिसुझुकडे, आणि लाकडाखाली निघून गेला.

फोनवर विचारावं, तर अझेगामी फोन उचलत नसे. वाजला की तो माशांना खायला घालायला लागायचा. म्हणून दर गुरुवारी ती कारखान्यातून परस्पर दुकानात जाऊ लागली.

"मला नाकारतोय तो."

"तुम्हाला नाही. उंदराला."

"उंदीर मीच देतेय ना."

"मग लाजत असेल," अझेगामी म्हणाला. "काहींना... वेळ लागतो."

असं म्हणताना तो सापांच्या पेट्यांकडे बघत नव्हता. मिसुझुनं घाईघाईनं चष्मा काढून पुसला. त्यावर या वेळी वाफ नव्हती.

मग थंडी आली, आणि थंडीतच गार योकान खायची आमच्याकडची उलटी रीत. ती बटरपेपर लावलेला खोका घेऊन जायची; दोघं माशांच्या टाक्यांच्या उजेडात लाकडी चमच्यानं ती थरथरती गोड वडी कापून खायचे. बोलायचे सापाविषयी. उंदीर जरा जास्त ऊन करून बघा, डोकं पुढं धरा, रात्रभर ठेवून द्या, असं तो सांगायचा. ती मान हलवायची आणि त्याच्या बाहीला लागलेलं शेवाळ बघायची. निघताना तो नवे उंदीर बांधून द्यायचा. पुडीला इतकी सुबक गाठ, की आईनं एकदा मिठाई समजून सोडली.

आणि एका संध्याकाळी निंजिननं उंदीर खाल्ला.

काही गाजावाजा नाही. चटकन पुढं आला, धरला, गिळला आणि जीभ बाहेर काढून आणखी आहे का ते बघितलं. मिसुझुनं टाळ्या वाजवल्या. आईनं निंजिनच्या सन्मानार्थ लाल चवळीचा भात शिजवला, जो आमच्याकडे पोरगी पदवीधर झाली की शिजतो. कधी एकदा गुरुवार येतो असं मिसुझुला झालं.

गुरुवारी ती धावतच दुकानात शिरली. अझेगामी टाकीची काच पुसत होता. तिनं तोंड उघडण्याआधीच, पाठमोराच, तो म्हणाला, "आज खाल्लं असेल असं वाटतंय मला. एकदा खायला लागला की सुटलात तुम्ही. मग असं बर्फातून यावं लागणार नाही."

मिसुझुनं तोंड मिटलं. पुन्हा उघडलं.

"नाही खाल्लं," ती म्हणाली.

खोटं बोलण्यात ती साप पाळण्याइतकीच नवशिकी होती. पण हे पहिलं खोटं फार अलगद गेलं. पडताळायला मार्गही नव्हता. नाकारलेला उंदीर फेकूनच द्यावा लागतो, त्यामुळे खाणाऱ्या सापाला आणि न खाणाऱ्या सापाला उंदीर सारखेच लागतात. तो म्हणाला, एकदा वजन करायला आणा. ती म्हणाली, थंडीत बाहेर काढायचं नाही असं तुम्हीच सांगितलंत. स्वतःच्याच नियमापुढं मान हलवून तो उंदीर बांधायला लागला.

घरी निंजिन दर आठवड्याला जेवत होता. दुकानात तो उपाशी मरत होता.

आईला हे पसंत नव्हतं. सांगून टाक, त्या पोराच्या जिवाला बरं वाटेल, असं ती दर बुधवारी सांगायची. मिसुझु म्हणायची, या गुरुवारी सांगते. आणि गुरुवारी अझेगामी खुर्ची पुढं ओढायचा, योकानचा मोठा तुकडा तिच्याकडे सरकवायचा... आणि निंजिन आणखी एक आठवडा उपाशी राहायचा.

तिच्या एक गोष्ट उशिरा ध्यानात आली. अझेगामीच वाळत चालला होता. तो जुन्या ओळखीच्या साप पाळणाऱ्यांना विचारत फिरला. त्यातल्या एकाला तर त्यानं स्वतःहून फोन केला. हे ऐकून तिनं योकानचा तुकडा न चावताच गिळला. मग एका गुरुवारी मागच्या खोलीतल्या अर्ध्या पेट्या रिकाम्या दिसल्या. नवशिक्यांना साप देणं बंद केलंय, एवढंच तो म्हणाला. का, ते तिनं विचारलं नाही. पुढच्या खेपेला नक्की सांगायचं, असं ठरवून ती घरी आली.

पण सांगायची वेळच आली नाही. फेब्रुवारीत, रविवारी सकाळी, तिनं पेटीवरचं कापड उचललं आणि निंजिनचे डोळे दुधासारखे पांढरे झालेले. दिवसभर चष्म्याच्या काड्यांशी खेळणाऱ्या मुलीच्या मनात दुसरं काय येणार? मोतीबिंदू. तिनं त्याला कापडी पिशवीत घातलं, पिशवी कोटाच्या आत छातीशी धरली आणि बर्फातून पळत सुटली. नियम आठवला नाही, थंडी आठवली नाही, खोटंही आठवलं नाही.

"आंधळा होतोय तो," दारातूनच ती म्हणाली. "अझेगामीसान... काहीतरी करा."

अझेगामीनं पिशवी उघडून निंजिनला हातावर घेतलं. डोळे बघितले. मग हात थोडा वर-खाली केला, जसा आपण बाजारात मुळा जोखतो.

"आंधळा नाही होत," तो सावकाश म्हणाला. "कात टाकणार आहे. डोळ्यांवरचं पापुद्र्यासारखं भिंग असतं ना, तेही जुनं झालं की कातीबरोबर निघतं. चष्मा बदलतोय तो."

"खरंच?"

"खरंच." तो अजून हात वर-खाली करत होता. निंजिन आता त्याच्या अंगठ्याहून जाड होता. "उपास मानवलाय त्याला."

टाकीतले मासेसुद्धा थांबल्यासारखे वाटले. मिसुझुनं चष्मा काढला. चष्मा नसला की समोरच्याचा चेहरा दिसत नाही, ही आमच्या धंद्यानं माणसाची केलेली मोठी सोय आहे.

"डिसेंबरपासून जेवतोय," ती म्हणाली. "जेवतोय म्हटलं असतं, तर... मला इथं यायला काही कारण उरलं नसतं."

निंजिननं तेवढ्यात त्याच्या बाहीत शिरून घेतलं.

"मी ठरवलं होतं," शेवटी तो म्हणाला, "त्यानं पहिला घास खाल्ला की त्याच दिवशी तुम्हाला विचारायचं. दुकानाबाहेर कुठंतरी... दोघांनी जेवायला जायचं का. माझ्याकडून नेलेला साप उपाशी, आणि मी त्याच घरातल्या मुलीला जेवायला चला म्हणतोय, हे बरं दिसलं नसतं."

"मग आता विचारा."

"परवा मी अमामीला होकार कळवला."

हळूहळू सगळं बाहेर आलं. दक्षिणेला अमामी बेटावर त्याच्या मित्राचं सर्पघर होतं. मित्र वर्षभर बोलावत होता आणि हा टाळत होता. पण नवशिक्या मुलीला दिलेला एक साधा साप आपल्याला जेवता करता आला नाही, तेव्हा दुकानात बसायची आपली लायकी नाही, असं त्यानं हिवाळाभर स्वतःला पटवलं. तिथं निदान साप लोकांच्या घरी द्यावा लागत नाही. मामानंही दुकान जावयाला देऊन टाकलं. जावई फक्त सोनमासे ठेवणार होता. एप्रिलात हजर व्हायचं होतं. आणि होकार कळवून तो मागं घेणं म्हणजे आमच्याकडे बूट घालून दुसऱ्याच्या घरातल्या तातामीच्या चटईवर चालण्यासारखं.

"म्हणजे मी..." मिसुझु म्हणाली.

"तुम्ही काही नाही. मी तरी एकदा विचारायचं की, जेवतोय का, खरं सांगा." तो किंचित हसला. "पण तुम्ही नाही म्हणालात की मलाही बरंच वाटायचं. पुढचा गुरुवार पक्का व्हायचा."

निंजिनला बाहीतून काढायला दोघांना पुष्कळ वेळ लागला. कोणी घाईही केली नाही.

कात अखंड निघाली, पायमोजा उलटा करावा तशी. डोक्याच्या जागी दोन इवली, गोल, स्वच्छ भिंगं होती. चष्म्याच्या गावात राहूनही इतकं बारीक काम मिसुझुनं पाहिलं नव्हतं. शेपटीकडचा तुकडा आईला गेला. आईनं तो पाकिटात ठेवला आणि इतक्या महागाची कात आपल्या घराण्यात कोणी घेतली नसेल, असं म्हणून ती पोरीच्या पाठीवर हात ठेवून बसली.

डोक्याकडचा भाग मिसुझुनं चष्म्याच्या डबीत घातला आणि मार्चअखेर स्टेशनावर नेला. चेरीच्या कळ्या अजून घट्ट मिटलेल्या होत्या. त्यांनाही कोणी सांगितलं असावं की घाई करू नका. अझेगामीनं डबी उघडली, भिंगं उजेडाकडे धरून बघितली आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवली.

"नीट निघालीयत," तो म्हणाला. "तुम्ही आता नवशिक्या नाही राहिलात."

तिला म्हणायचं होतं, राहा. म्हणायचं होतं, मीही येते. पण आई, कारखाना आणि निंजिन असे तिघंही एकदम आडवे आले. तिनं त्याच्या बाहीवरचं शेवाळ शोधलं. नवा कोट होता, शेवाळ नव्हतं.

गाडी आली. तो आत चढला आणि दारातच वळून उभा राहिला.

"तुमचा चिमटा," ती घाईघाईनं म्हणाली. "द्यायचा होता... घरीच राहिला."

अझेगामीनं तिच्या खांद्यावरच्या पिशवीकडे बघितलं. बांबूचं काळपट टोक चांगलं बोटभर बाहेर आलं होतं. त्यानं ते पाहिलं, हे तिनं पाहिलं. दोघंही कोणी काही पाहिलं नाही असे उभे राहिले.

"असू दे," तो म्हणाला. "सापडला की पाठवा." दार सरकायला लागलं, तसा तो थोडा वाकला. "फक्त धुवून पाठवा. उंदराचा वास राहतो."