तोंडातला दोरा

अंगावरचा कपडा शिवायचा नाही, हे रुकैयाच्या आईनं रत्नागिरीत तिला सुई धरायला शिकवलं त्याच दिवशी बजावलं होतं. म्हणूनच दोह्यातल्या फरीज बिन ओमरान मोहल्ल्यात, तिच्या उस्मानमामूंच्या टेलरिंगच्या दुकानात ईदच्या तोंडावर इजिप्तचा एक उंच, दमलेला माणूस घुसला आणि उसवलेली बाही पुढे करून "यल्ला, पटकन!" म्हणाला, तेव्हा तिनं अरबीत एवढंच सांगितलं, "आधी कोट काढा."

"बाहेर टॅक्सी थांबलीय... माझं नाटक आहे!"

"मग लवकर काढा."

तो हसला आणि कोट काढून स्टुलावर बसला. मामू मात्र धावत आले. "अगो, वळाकलास नाय? टीवीवरचा मुनीर शलबी हाय तो!"

रुकैयानं कधीच ओळखलं होतं. जुन्या सिनेमांत हा गच्चीवर उभा राहून नायिकेकडे डोळे भरून बघायचा. आता त्या डोळ्यांखाली पिशव्या आल्या होत्या.

तेव्हापासून दर ईदला कैरोची मंडळी विनोदी नाटक घेऊन दोह्यात यायची आणि दर ईदला मुनीरचा कोट नेमका उसवायचा. दोह्यात काय दुसरे टेलर नव्हते? होते की, शेजारीच होते. पुढे तर मंडळींनी रुकैयालाच कपडेपट सांभाळायला बोलावलं. ती टाके घालायची, तो बोलायचा.

"आधी नायक होतो. मग नायकाचा थोरला भाऊ झालो, आता नायिकेचा बाप. पुढच्या वर्षी तिचा आजोबा..."

"आणि त्याच्या पुढच्या वर्षी, उस्ताद?"

"भिंतीवरची तसबीर! निदान उभं तरी राहावं लागणार नाही."

ती हसायची आणि दोरा तोडायला उगाच वेळ लावायची. त्याचं थकणं तिच्या ओळखीचं होतं. नवरा गेल्यापासून तीही दिवसभर मशीनवर वाकून संध्याकाळी अशीच दमून बसायची. शेजारी तसंच दमलेलं कुणीतरी असावं, एवढंच तिला हवं होतं आणि तेवढंच मागायची लाज वाटत होती.

या ईदला मात्र त्यानं वेगळाच विषय काढला.

"इथं कार्टूनना आवाज द्यायचं काम मिळतंय. खुर्चीत बसून! मंडळी उद्या परत जातील... मी राहू का?"

"मला कशाला विचारता?"

"तू नको म्हणालीस, तर इथं राहून कार्टूनमधला उंट होण्यात काय मजा?"

रुकैया खाली मान घालून टाके घालत राहिली. मामू काय म्हणतील, लोक काय म्हणतील... आणि हो म्हटल्यावर त्यानं ते हसण्यावारी नेलं तर?

त्याच रात्री शेवटच्या प्रयोगाला, मध्यंतरानंतरची घंटा झाली आणि मुनीर विंगेत धावत आला. कोट खांद्यावर टर्रकन फाटला होता. काढायला वेळच नव्हता. रुकैयानं दोऱ्याचा तुकडा तोडून त्याच्या दातांत दिला.

"धरा. अंगावर शिवताना तोंडात दोरा लागतो. आणि... बोलायचं नाही."

जन्मभर बोलत आलेला माणूस मुकाट उभा राहिला. त्याचा श्वास तिच्या कपाळाला लागत होता. आत्ता त्याला थट्टा करता येणार नाही, हे तिच्या ध्यानात आलं आणि सुईवरची नजर न काढता ती म्हणाली, "राहा. मामूंना मी सांगेन. मी थकलेय, मुनीर... आणि एकटीनं थकायचा कंटाळा आलाय."

तिनं शेवटची गाठ मारली तोच पडदा वर गेला. कुणीतरी त्याला रंगमंचावर ढकललं.

अख्खा अंक लोक खदखदून हसत होते आणि रुकैया विंगेत ट्रंकेवर बसून बोटं मोडत होती. अखेर तो घामाघूम होऊन तिच्यापुढे येऊन उभा राहिला. एक शब्द बोलेना.

"अहो, बोला ना काहीतरी!"

त्यानं तोंड उघडलं. गालात पांढरा दोरा तसाच होता.

"या अल्ला! अख्खा अंक तोंडात धरलात? काढा तो!"

त्यानं दोरा काढून बोटाला नीट गुंडाळला. "तू काढ म्हणाली नव्हतीस. रंगमंचावर बोललो ते नाटकातलं होतं. माझं बोलायचं राहिलंय."

"मग बोला की..."

"उद्याचं विमान जाऊ दे माझ्याशिवाय," तो म्हणाला. "आता जरा सरक. पाय फार दुखतायत."

रुकैया सरकली.