पहिल्या वळणावरची जागा

स्नेहलताबाई गॅसवर दूध ठेवून मागच्या बागेत गेल्या आणि तिथंच रमल्या, एवढंच निमित्त झालं. दूध उतू गेलं, पातेलं जळलं, धुराचा अलार्म कोकलायला लागला. पुण्यात असं झालं असतं तर शेजारच्या शकुनं भिंतीवर थाप मारून सांगितलं असतं आणि मग दोघी हसत बसल्या असत्या. इथं न्यूझीलंडला, फ्लॅट बुशमधल्या मुलाच्या घरी, त्यावर रविवारी बैठक झाली.

"आई, एकदा मेमरी टेस्ट करून घेऊ," नील म्हणाला. "रूटीन असते गं. तीस मार्कांची."

"आणि नापास झाले तर?"

नील सिंककडे बघायला लागला. "मग मार्चमध्ये एकटीनं पुण्याला जायचं नाही. इथंच राहायचं, आमच्याबरोबर."

म्हणजे एरंडवण्याचा फ्लॅट, दीनानाथांची गॅलरीतली खुर्ची, शकु, सगळंच त्या तीस मार्कांवर. दीनानाथांना जाऊन दोन वर्षं झाली होती. सहासष्टाव्या वर्षी बाईंना परीक्षेला बसायचं होतं, आणि तेही जन्मभर पहिला नंबर आलेल्या विषयात. कुणाच्या मुंजीत काय पक्वान्न होतं, हे माणसं मुंबईहून पुण्याला फोन करून त्यांना विचारत.

डॉक्टरांची वेळ सहा आठवड्यांनंतरची मिळाली. जानेवारीचा उन्हाळा होता. नील आणि सून ऋचा सकाळी गाड्या काढून मोटरवेला लागले की त्या मोठ्या घरात बाई खोलीखोलीतून हिंडत. गॅस बघून येत, परत जाऊन बघत.

ऋचालाच त्यांची दया आली असावी. एका संध्याकाळी ती लोकल पेपर घेऊन आली. "आई, हे बघा. ब्रिटिश स्पीडवेचे जुने फॅन्स जमतात म्हणे. दर दुसऱ्या बुधवारी दुपारी दोनला, कम्युनिटी हॉलमध्ये. बाबा सांगायचे ना, 'तुझी सासू साडी नेसून मोटारसायकलींची धूळ खायला जायची'?"

"त्यांना कोण घेऊन जायचं? मीच!" बाई म्हणाल्या, आणि कित्येक दिवसांनी मोकळं हसल्या.

ते खरंच होतं. एकोणसत्तर ते चौऱ्याहत्तर दीनानाथ इंग्लंडच्या मिडलँड्समध्ये एका कारखान्यात इंजिनिअर होते. दर शनिवारी संध्याकाळी दोघं स्पीडवेला, मातीच्या ट्रॅकवरच्या मोटारसायकल शर्यतींना, जात. चार स्वार, चार फेऱ्या, सगळी वळणं डावीकडे, आणि मोटारसायकलींना ब्रेक नाहीत. लाल मातीचा फवारा कठड्यावरून अंगावर येई. इंजिनात एरंडेल घालत. लहानपणी रविवारी नाक दाबून ज्याच्यापासून पळायचं, त्याच एरंडेलाचा जळका वास बाईंना तिथं इतका आवडला की घरी जाऊन केस धुववत नसत.

प्रत्येकाच्या हातात छापील प्रोग्रॅम असे. शर्यत संपली की चौकटीत आपणच गुण भरायचे: पहिल्याला तीन, मग दोन, मग एक, शेवटच्याला शून्य. बाई ते पेन्सिलीनं मराठी आकड्यांत भरीत. शून्य काढलं की त्याच्या पोटात एक बारीक तीळ काढीत. दीनानाथ विचारत, "हे काय नवीन?" त्यावर बाईंचं उत्तर ठरलेलं. "शेजारणीचं रिकामं भांडं आपण परत देतो का? चिमूटभर साखर घालतोच ना? तोही बिचारा धूळ खाऊन आलाय."

बुधवारी नीलनं त्यांना हॉलवर सोडलं. आत सात-आठ म्हातारी माणसं होती. मर्व नावाचा एक जाडजूड गृहस्थ पुढाकार घेत होता. न्यूझीलंडचे पुष्कळ स्वार इंग्लंडच्या लीगमध्ये खेळत, त्यातल्या एकाचा तो मेकॅनिक होता. त्याची बायको नोएलीन चहा करत होती. मर्वनं एरंडेलाची बाटली उघडून ती सगळ्यांच्या नाकाखालून फिरवली. बाईंनी डोळे मिटले.

गप्पा रंगल्या. कुणाला बहात्तरचा सीझन थोर वाटत होता, कुणाला शहात्तरचा. कुठल्या ट्रॅकची माती कशी, कोण पायाची टाच लोखंडासारखी रोवायचा, कोण नुसतीच केसांना क्रीम लावायचा. बाईंनी भीतभीत तोंड घातलं आणि बहात्तरच्या त्यांच्या संघातली सातही नावं क्रमानं म्हणून दाखवली, प्रत्येकाच्या सरासरीसकट. ओघात डॉक्टरांकडच्या परीक्षेचंही बोलून गेल्या.

"आणि हिची मेमरी टेस्ट घेणार?" मर्व गरजला. "लता, त्या डॉक्टरला माझ्याकडे पाठव. मला सकाळी चष्मा सापडत नाही, तो डोळ्यावर असतो!"

"आणि बायकोही सापडत नाही," नोएलीन म्हणाली. "ती स्वयंपाकघरात राबत असते."

मग त्यांचा नेहमीचा खेळ सुरू झाला. मर्व जुन्या मॅचची टेप लावायचा आणि सगळ्यांनी कोऱ्या प्रोग्रॅमवर गुण भरायचे. बाईंच्या हाताला जणू काल सोडलेलं काम सापडलं. तीन शर्यती झाल्या. चहाचा कप ठेवायला नोएलीन वाकली आणि तशीच राहिली.

"हे आकडे कुठले?"

"मराठी. माझ्या भाषेतले."

"आणि शून्यातलं हे टिंब?"

"ती माझी खोड."

नोएलीननं कप खाली ठेवला. "पहिल्या वळणावर एक लहानशी मुलगी असायची. ती अगदी असंच लिहायची. मी तिला विचारलं होतं, कुणी शिकवलं? म्हणाली, आईनं."

तुमचं गाव कुठलं, असं बाईंनी विचारलं. नोएलीननं सांगितलेलं गाव तेच होतं, ट्रॅकही तोच. नोएलीन आणि मर्व तिथं पंच्याहत्तर ते एकोणऐंशी होते.

"आम्ही चौऱ्याहत्तरच्या डिसेंबरात भारतात परत गेलो," बाई म्हणाल्या. "दुसरं कुणी असेल. कारखान्यात आमची बरीच माणसं होती."

"असेल," नोएलीन म्हणाली.

त्या रात्री बाईंनी बॅगेतली प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत एकच जुना प्रोग्रॅम होता, चौऱ्याहत्तरच्या सप्टेंबरचा. बारा शर्यती भरलेल्या. तेराव्या, शेवटच्या शर्यतीच्या चारही चौकटी कोऱ्या.

बाराव्या शर्यतीनंतरच पोटात कळ आली होती. पाचवा महिना होता. अंगाखाली घेतलेली सोलापुरी चादर, निळी, मोरांची, बाकावर तशीच राहिली. दीनानाथांनी त्यांना धरून उठवलं तेव्हाही बाईंना वाटत होतं की पाणी प्यायलं की थांबेल. शेजारच्या इंग्रज बाईंना त्या म्हणाल्या होत्या, "आमची जागा धरा हं. आम्ही आलोच."

मुलगी होती. ती रडली नाही. नर्सनं ती नेली. दीनानाथ पुन्हा त्या ट्रॅककडे फिरकले नाहीत, आणि दोघंही त्याबद्दल पुढं कधी बोलले नाहीत. नील दोन वर्षांनी पुण्यात झाला. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं.

बाईंनी प्रोग्रॅम घडी घालून पर्समध्ये ठेवला.

पुढच्या मेळाव्याला जाऊ नये असं त्यांनी ठरवलं होतं. बुधवारी साडेबाराला त्या साडी बदलून दारात उभ्या होत्या.

नोएलीननं पाकिटातून एक प्रोग्रॅम काढला. साल अठ्ठ्याहत्तर. "त्या मुलीनं मला दिलेला. तुला दाखवावासा वाटला."

तेराच्या तेरा शर्यती भरलेल्या होत्या. अक्षर लहान मुलाचं, दाबून काढलेलं. प्रत्येक शून्यात तीळ होता.

"तिच्याबरोबर कोण असायचं?" बाईंनी विचारलं.

"कुणी नाही. म्हणजे येणारच असायचे. शेजारी दोन जागा ती धरून ठेवायची. आईबाबा जरा बाहेर गेलेत, आलेच, म्हणायची." नोएलीन हसली. "मला वाटायचं, बाप दारूच्या गुत्त्यावर असणार. एक निळी चादर पसरायची बघ दोन्ही जागांवर. तिच्यावर पक्षी होते."

"मोर," मर्व मागून म्हणाला.

"केवढी होती?" बाईंचा आवाज त्यांनाच परका वाटला.

नोएलीननं टेबलाच्या कडेशी हात धरला. "एवढी. आम्ही नवीन गेलो तेव्हा."

"आणि तुम्ही निघालात तेव्हा? चार वर्षांनी?"

"तेव्हा..." नोएलीन म्हणाली. हात टेबलाच्या कडेशीच होता. तिनं स्वतःच त्याच्याकडे पाहिलं, आणि हळूच तो मांडीवर घेतला.

मर्व खाकरला. "माझ्याकडे सत्त्याहत्तरची फिल्म आहे, पहिल्या वळणावरूनच घेतलेली. तीत ती आहे. गेल्या ख्रिसमसला आम्ही सगळ्यांनी बघितली ना? पुढच्या वेळी आणतो, लता. सगळी शंकाच मिटेल."

ते पंधरा दिवस बाईंना कुठं बसवेना. भाजी चिरताना त्या उठत. ऋचा मागून आली की दचकत. नील फ्रिजवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाला, "आई, डॉक्टरांकडे गुरुवारी जायचंय, लक्षात आहे ना?" बुधवारची फिल्म आणि दुसऱ्याच दिवशी परीक्षा. त्यांनी ठरवून टाकलं. फिल्ममध्ये एखादी पंजाब्याची नाहीतर गुजराथ्याची पोर असेल. ती बघायची, हसायचं, आणि दुसऱ्या दिवशी तीसपैकी तीस घेऊन मार्चचं तिकीट काढायचं.

बुधवारी हॉलचे पडदे ओढले. बाहेर लख्ख ऊन होतं, पडद्यांच्या कडांतून आत येत होतं. बाई पुढच्या रांगेत कडेला बसल्या. पर्स मांडीवर.

भिंतीवर तो ट्रॅक उजळला.

तोच कठडा. तोच बिस्किटांच्या जाहिरातीचा फलक. चार मोटारसायकली वळणात आडव्या झाल्या, मातीचा पडदा वर उठला, आणि बाईंना एरंडेलाचा वास आला. मर्वनं आज बाटली उघडलेली नव्हती.

"आता बघ," मर्व म्हणाला. "धूळ खाली बसली की डावीकडे."

धूळ खाली बसली. माणसं दिसायला लागली. टोप्या, मफलर, थर्मास. डावीकडे एक बाक होतं. बाकाच्या दोन्ही बाजूंना माणसं खेटून बसलेली होती.

बाक रिकामं होतं.

"थांब," नोएलीन म्हणाली. "मागं घे."

मर्वनं मागं घेतलं. पुन्हा चार मोटारसायकली, पुन्हा धूळ. पुन्हा ते नुसतं लाकडी बाक. मुलगी नाही. चादर नाही.

"इथंच असते ती," मर्व म्हणाला. त्यानं आणखी एकदा मागं घेतलं. "ही तीच फिल्म आहे. कायम इथंच असते."

"उठून गेली असेल," मागून कुणीतरी चेष्टेत म्हणालं. कुणी हसलं नाही.

बाईंनी शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं नाही. मान वळवली नाही. फक्त पर्स उचलून दुसऱ्या मांडीवर घेतली, शेजारी कुणी दाटीनं बसलं की घेतो तशी.

गुरुवारी सकाळी डॉक्टरांच्या खोलीत नील त्यांच्या मागं बसला होता. डॉक्टर तरुण होता, "किया ओरा" असा माओरी नमस्कार करून त्यानं हात मिळवला. साल, महिना, वार. शंभरातून सात, पुन्हा सात. तीन शब्द लक्षात ठेवायचे होते, ते बाईंनी सांगितले. घड्याळ काढायचं होतं, ते काढलं. कुठं अडलं नाही. मागं नीलचा श्वास हळूहळू सैल होत गेलेला त्यांना ऐकू आला.

"मस्त," डॉक्टर म्हणाला. "आता नुसती फॉर्मची माहिती. मुलं किती?"

किती सोपा प्रश्न. एक. आणि मार्चमध्ये विमान.

जागा धरा हं. आम्ही आलोच.

"दोन," स्नेहलताबाई म्हणाल्या.

डॉक्टरचं पेन थांबलं. त्यानं नीलकडे पाहिलं.

"आई," नील हलकेच म्हणाला. "मी एकटाच आहे ना?"

"तू धाकटा," बाई म्हणाल्या. "थोरली मुलगी आहे."

पार्किंगपर्यंत नील त्यांचा हात धरून चालला. गाडीत बसल्यावर त्यानं किल्ली लावली, पण फिरवली नाही. "मार्चचं नंतर बघू आपण, आई," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "काही घाई नाहीये."

"नाहीच घाई," बाई म्हणाल्या. त्यांनी त्याच्या दंडावर थोपटलं. मग पर्स उघडून तो जुना प्रोग्रॅम काढला, उलगडला आणि शेवटचं पान गुडघ्यावर सरळ केलं.

तेराव्या शर्यतीच्या चारही चौकटी भरलेल्या होत्या. तीन, दोन, एक. शून्याच्या पोटात तीळ होता.

बाईंनी त्याच्यावरून बोट फिरवलं. पेन्सिलीची पूड बोटाला लागली.