पठारावरची झोप

नाशिकच्या निद्रा-संशोधन केंद्रात डॉ. विभावरी आगाशे पडद्यावरच्या मेंदूलहरी बघत उभी होती, पण लक्ष सगळं तंबूत होतं. तंबू अजून विकत घ्यायचा होता. मे महिना सरत आला होता, रेवाची शाळा लवकरच उघडणार होती, आणि नवरा डोंगरात यायला तयार नव्हता.

"सर, आम्ही तिघंही पट्ट्या घरी ठेवून गेलो, तर नेमकं काय होईल?" तिनं विचारलं.

डॉ. तुळपुळे खुर्चीत मागे रेलले. निद्राघन पट्टी ही त्या दोघांची निर्मिती. ती कपाळाला बांधली, की मेंदूच्या लहरी ऐकत ऐकत माणसाला थेट गाढ झोपेत नेऊन सोडायची. रात्रभराची विश्रांती दोन तासांत मिळायची. सगळं शहर आता तेवढंच झोपायचं आणि उरलेल्या रात्रीत आणखी कामं करायचं. या घाईत स्वप्नं तेवढी बंद झाली होती, पण त्यावाचून कुणाचं अडलं नव्हतं.

"पट्टी स्वप्नं पुसत नाही, थोपवते," तुळपुळे म्हणाले. "बांध घातला म्हणून नदी आटते का? पाणी मागं साठत राहतं. आपली पहिली मांजरं आठव. पट्टी काढली की बिचारी सलग झोपून राहायची, पाय हलायचे, मिशा थरथरायच्या. जितकी वर्षं पट्टी, तितका स्वप्नसंचय. त्यात धोका काही नाही. जागा शांत हवी आणि घाई नको."

"आणि ज्यानं पट्टी बांधलीच नाही, तो?"

"त्याच्यापाशी साठलंय काय? तो रोजच्यासारखा झोपेल नि रोजच्यासारखा उठेल. पण तसं माणूस आता शोधून सापडायचं नाही."

हे सगळं रेवामुळे सुरू झालं होतं. शाळेत बाईंनी 'मला पडलेलं स्वप्न' असा निबंध घातला आणि वर्गातल्या एकाही मुलाला तो लिहिता आला नाही. घरी येऊन रेवानं आईला विचारलं, की स्वप्न दिसतं तेव्हा डोळे उघडे असतात का. जिनं जगाची झोप आटोपशीर करून दिली, तिला स्वतःच्या लेकीला उत्तर देता येईना. त्यातच तिला दुसरीही एक गोष्ट जाणवली. वेळ वाचवायचं यंत्र तिनं केलं होतं आणि घरात कुणाला वेळ नव्हता. नवऱ्याशी, निरंजनशी, तिचं बोलणं भाजी नि बिलांपुरतं उरलं होतं. हा माणूस आपल्या हातून निसटत चाललाय, अशी तिला भीती वाटायची. डोंगरात तरी तो परत सापडेल, अशी तिला वेडी आशा होती.

निरंजनला पटवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. एके काळचा हा डोंगरवेडा. रतनगडामागच्या एका पठारावरच त्यांची पहिली भेट झालेली. आता त्याला कंबर आठवायची, बिबट्या आठवायचा, विंचू आठवायचा. शिवाय किल्ल्यांवरचं पुस्तक होतंच. पट्टी आली तेव्हापासून, गेली आठ वर्षं, तो रोज रात्री खोलीचं दार लावून ते लिहीत होता. विभावरीनं त्यातलं एक पानही पाहिलं नव्हतं, कारण रात्री ती प्रयोगशाळेत असायची. साठलेल्या स्वप्नांना घाबरतोस का, असं तिनं एकदा त्याला हळूच विचारलं. तो हसला आणि खोलीत जाऊन त्यानं दार लावून घेतलं.

शेवटी रेवाच्या हट्टापुढं त्यानं मान तुकवली. जायचं ठिकाण रेवानंच निवडलं, आईबाबा भेटले तेच पठार. मग ती म्हणाली, की ठमीही येणार. ठमी म्हणजे केंद्रातल्या त्या चाचण्यांमधलं शेवटचं मांजर. चाचण्या संपल्यावर विभावरी तिला घरी घेऊन आली होती. निरंजनचा चेहरा उतरला. मांजर कधी डोंगरात नेतात का, शेजारच्या काकूंकडे ठेवू, असं तो पुन्हा पुन्हा सांगू लागला. बिबट्याचं कारण सांगतानाही त्यानं इतका जोर लावला नव्हता. पण रेवाचे डोळे भरून आले आणि ठमी टोपलीत बसली.

तिघांच्या पट्ट्या कपाटात राहिल्या. पठारावर पोचले तेव्हा उन्हं कलली होती. निरंजननं न विचारता बरोबर वाऱ्याच्या आडोशाला तंबू ठोकला. भाकरी, पिठलं आणि कच्चा कांदा खाऊन होतंय तोवर समोरच्या झाडांवर काजवे लागले. एक झाड उजळलं, विझलं, मग सगळी झाडं एकाच लयीत उजळू-विझू लागली. रेवा बोलता बोलता आईच्या मांडीवर कलंडली. विभावरीनं तिला आत नेलं आणि स्वतःही अंग टाकलं.

मग बांध फुटला. आईचे न्हालेले केस गच्चीत वाळत होते आणि त्यांतून गोदावरी वाहत होती. प्रयोगशाळेत गुडघाभर गवत वाढलं होतं. त्या गवतातून एक पायवाट वर चढत होती आणि पाठीवर पिशवी घेतलेला एक माणूस पुढे चालला होता. ती हाका मारत होती, आवाज फुटत नव्हता. वाट पुन्हा पुन्हा सुरू व्हायची आणि तो पुन्हा पुढे दिसायचा, पाठमोरा.

जाग आली तेव्हा तंबूवर ऊन आलं होतं. रेवा झोपेत हसत होती. विभावरी बाहेर आली. निरंजन अंघोळबिंघोळ करून तीन दगडांच्या चुलीवर चहा ठेवत होता.

"तू कधी उठलास?"

"रोजच्यासारखा. तू अख्खा एक दिवस झोपलीस. मध्ये उठून रेवा नि तू पाणी प्यायलात, आठवतंय का?"

तिला काही आठवत नव्हतं. ती टोपलीपाशी टेकली आणि तिचं आत लक्ष गेलं. ठमी हलवूनही जागी होईना इतकी गाढ झोपली होती. पाय पळत होते, मिशा थरथरत होत्या. विभावरीतली संशोधक आधी जागी झाली, बायको जरा मागाहून. चाचण्यांतला तिचा संचय तेव्हाच सरला होता आणि घरी चार पायांच्या या बाईला कधी पट्टी नव्हती.

"निरंजन, तुझी पट्टी ठमीला बांधायचास?"

त्यानं चुलीत फुंकर घातली. "पट्टी फक्त लहरी ऐकते, माणूस ओळखत नाही. तूच सांगितलं होतंस."

तिला आधी संतापच आला. केंद्रात निरंजनच्या पट्टीनं नोंदलेला झोपेचा आलेख नमुना म्हणून भिंतीवर होता. देशोदेशीच्या परिषदांत तिनं तो अभिमानानं दाखवला होता. तो ठमीचा होता.

"आणि पुस्तक?"

"पुस्तक नाहीच. दार लावून मी झोपायचो."

"आठ वर्षं? एवढं काय असायचं रे त्या स्वप्नांत?"

त्यानं कप तिच्या हातात दिला. "हेच पठार. आणि तू. तिथं तुला कधी घाई नसते, विभा. म्हणून यायचं नव्हतं मला. खरी तू इथं आलीस आणि इथंही सारखं घड्याळ बघत बसलीस, तर रात्री मी जाऊ कुठं?"

चहा निवत होता. राग कुठं गेला ते तिला कळलं नाही.

"स्वप्नात मी मागून हाका मारत होते," ती म्हणाली. "तू थांबतच नव्हतास."

त्यानं चमकून तिच्याकडे पाहिलं.

तिचे डोळे पुन्हा जड होऊ लागले. आठ वर्षांचा संचय एका दिवसात थोडाच सरतो. तिनं मनगटावरचं घड्याळ काढून पिशवीत टाकलं आणि त्याच्या मांडीवर डोकं ठेवलं.

"आज तूही झोप," ती म्हणाली. "आणि वर जाशील तेव्हा जरा थांब. मला चढायला वेळ लागतो."

"थांबतो," तो म्हणाला.

टोपलीत ठमीचे पाय अजून पळतच होते.